मदत हवी आहे : आईच्या गाठीचे ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) पुन्हा तपासून घ्यावेत का?

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. पाळी थांबून ६ वर्षे झालेल्या माझ्या आईला ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत पुन्हा रक्तस्राव सुरू झाला आणि शस्त्रक्रियेत निघालेल्या अंडाशयाच्या गाठीचा अहवाल ‘ॲडल्ट ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमर’ (अंडाशयात संप्रेरके बनवणाऱ्या पेशींचा, सहसा हळू वाढणारा कर्करोग) असा आला. पेशींची केंद्रके कॉफीच्या बीसारखी खाचदार असून इन्हिबिन (याच पेशी बनवतात ते संप्रेरक) पॉझिटिव्ह असल्याचे त्यात नमूद आहे. या गाठीत बहुधा बदललेल्या आढळणाऱ्या फॉक्सएल२ जनुकाची तपासणी मात्र झालेली नाही. ही गाठ २० वर्षांनीही उलटू शकते, म्हणून निदान पक्के असावे असे वाटते. मेणाचे ब्लॉक (उन्हाच्या धास्तीने ते मी माठाशेजारी डब्यात ठेवले आहेत) नागपूरला दाखवावेत की थेट मुंबईच्या टाटा रुग्णालयात न्यावेत, आणि रक्तातील इन्हिबिन बी किती महिन्यांनी तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.