मदत हवी आहे: तिन्ही ‘डब्ल्यू’ एकत्र खेळलेल्या कसोट्या

फ्रँक वॉरेल, एव्हर्टन वीक्स आणि क्लाइड वॉलकॉट या वेस्ट इंडीजकडून खेळलेल्या बार्बाडोसच्या क्रिकेटपटूंच्या त्रिकुटावर (तिघांचीही आडनावे इंग्रजी ‘डब्ल्यू’ने सुरू होतात) लेख लिहीत असून, तिघेही संघात असलेल्या कसोट्यांमधील त्यांच्या एकत्रित धावा मला हव्या आहेत. वीक्सच्या ४८ कसोट्यांतील ४४५५ धावांसारखे वैयक्तिक आकडे सहज मिळाले. परंतु तिघांचे पदार्पण १९४८ च्या इंग्लंडविरुद्धच्या एकाच मालिकेत झाले असले, तरी १९४८-४९ च्या भारत दौऱ्यावर वॉरेल नव्हता (वीक्सने मुंबईत १९४ धावा ठोकल्या तो हाच दौरा), त्यामुळे नुसत्या बेरजेने उत्तर निघत नाही. धावफलक एकेक करून चाळतो आहे, पण त्यात चुकीला फार वाव आहे. प्रथम श्रेणीचे सामने नकोत. ठरावीक तीन खेळाडू एकत्र खेळलेलेच सामने निवडून दाखवणारे एखादे संकेतस्थळ किंवा संदर्भग्रंथ कोणाच्या माहितीत आहे का?