पाच जागा जिंकलेल्या पक्षाची एवढी धास्ती कशाला?

रेडिंगकर: ब्रिटनमध्ये छोटे पक्ष फक्त गलबला करतात, राज्य मजूर आणि हुजूर हे दोन पक्षच करतात. २०२४ च्या संसदीय निवडणुकीत स्थलांतरविरोधी रिफॉर्म पक्षाला १४.३ टक्के मते पडूनही पाचच जागा मिळाल्या. तेव्हा इथल्या मराठी मंडळींनी त्याच्या धोरणांनी झोप उडवून घेऊ नये.

नॉटिंगहॅमकर: हे वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. जागा मोजून प्रभाव ठरत असता, तर ब्रिटन आजही युरोपीय संघात असते. २०१५ मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडा म्हणणाऱ्या युकिप पक्षाला सुमारे ३९ लाख मते मिळाली आणि निवडून आला एकच खासदार, क्लॅक्टनचा. पण मते तिकडे वाहून जातील या भीतीने आणि स्वपक्षातल्या युरोपविरोधकांच्या दबावाने हुजूर पक्षाचे पंतप्रधान कॅमेरन यांनी २०१३ मध्येच संघात राहायचे की नाही यावर सार्वमताचे वचन देऊन टाकले होते. आताही तेच चालले आहे. १ मे २०२५ च्या निवडणुकीत रिफॉर्मने इंग्लंडमधल्या १० स्थानिक परिषदा ताब्यात घेतल्या आणि ११ दिवसांनी मजूर सरकारची स्थलांतराविषयीची श्वेतपत्रिका आली, तिच्यात कायम वास्तव्यासाठीची ५ वर्षांची अट १० वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव होता. माझे हे इथले चौथे वर्ष आहे. मुलीची शाळा, घरासाठीची बचत, आईला दिलेला शब्द, सारे पाचव्या वर्षाच्या हिशोबाने ठरवले होते.

रेडिंगकर: तुमची काळजी मला समजते, परंतु श्वेतपत्रिका काही ११ दिवसांत लिहून होत नाही. जून २०२३ अखेरच्या वर्षात नक्त स्थलांतर (येणारे वजा जाणारे) ९ लाखांवर गेले होते. कोणतेही सरकार असते तरी नियम आवळलेच असते. आणि सत्तेत वाटा मिळालेल्या छोट्या पक्षाचे काय झाले? लिबरल डेमोक्रॅट २०१० मध्ये ५७ खासदारांनिशी हुजूर पक्षाबरोबर सरकारात गेले, २०१५ मध्ये ८ उरले.

लेस्टरची आई: ते ८ तरी का उरले, असे मला वाटते. विद्यापीठाच्या शुल्कवाढीविरुद्ध मत देऊ, अशी लेखी प्रतिज्ञा त्यांच्या उमेदवारांनी केली होती. त्यांचा फलक मी स्वतः खिडकीत लावला होता. २०१२ मध्ये माझी मुलगी विद्यापीठात गेली तेव्हा वर्षाचे शुल्क तीन हजारांच्या आसपासवरून ९,००० पौंडांवर गेले होते. ती आजही पगारातून ते कर्ज फेडते आहे.

साउथॉलचे काका: ताई, राग रास्त आहे, तरीही त्याच पक्षाच्या आग्रहाने प्राप्तिकरमुक्त उत्पन्नाची मर्यादा १०,००० पौंडांपर्यंत वाढली आणि माझ्यासारख्या तुटपुंज्या पगाराच्या माणसाच्या हातात चार पैसे उरले. आघाडीत धाकट्या भावाला सगळेच मिळत नाही.

लेस्टरची आई: सगळे कोणी मागितले होते? जे सही करून दिले तेवढेच मागितले होते. मतदानाच्या वेळी त्यांच्या २१ खासदारांनी विरोधात मत देऊन शब्द पाळला. म्हणजे पाळणे शक्य होते. चार पैशांचा हिशोब मला सांगू नका.

साउथॉलचे काका: आवाज चढवल्याने माझा अनुभव खोटा ठरत नाही. त्या चार पैशांवर आमच्या घराचे हीटर चालले आहेत.

नॉटिंगहॅमकर: दोघांनाही विनंती, शुल्काचा वाद इथेच थांबवावा. सरकारात बसून त्या पक्षाला शुल्क रोखता आले नाही आणि २०११ च्या सार्वमतात मतदान पद्धतही बदलता आली नाही. उलट सरकारबाहेरच्या युकिपने देशाची दिशा बदलली. मोठ्या पक्षाच्या जागा धोक्यात आणणारा छोटा पक्ष त्याच्या मांडीवर बसलेल्या मित्रपक्षापेक्षा अधिक काही करून घेतो, हा माझा मुद्दा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये रिफॉर्मने कायम वास्तव्याचा हक्कच रद्द करू, ज्यांना तो मिळाला आहे त्यांचाही काढून घेऊ, असे जाहीर केले. रेडिंगकर, तुमच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट आहे म्हणून तुम्हाला झोप लागते.

रेडिंगकर: हा शेवटचा टोला अनावश्यक होता. मी इथे आलो तेव्हा मीही दर वर्षी मुदतवाढीच्या पत्राची वाट पाहत असे. श्वेतपत्रिकेच्या भाषेवर रिफॉर्मची छाया आहे, एवढे मान्य करतो. अट त्यांच्यामुळेच वाढली, हे मात्र मान्य नाही.

नॉटिंगहॅमकर: टोल्याबद्दल क्षमस्व. छाया मान्य केलीत, एवढ्याने आज माझे भागले. राष्ट्रकुलातल्या भारताचा नागरिक म्हणून मलाही इथे मत देता येते आणि मतदारयादीत माझे नाव आहे.