मन नसताना गुडघे टेकणे हे ढोंग आहे काय?

प्रश्न (अर्धा_विश्वासी)

प्रभूमध्ये सलाम. गेली सव्वीस वर्षे मी रविवारची उपासना सहसा चुकवलेली नाही. मी उपवासकाळ पाळतो, दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) देतो, दर महिन्याला प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) घेतो, आणि शास्त्रवाचनाची पाळी माझ्याकडे आली तर आदल्या रात्री तो उतारा दोनदा मोठ्याने वाचून ठेवतो. हे मी अभिमानाने सांगत नाही. माझी अडचणच तेथून सुरू होते.

गेल्या महिन्यात एका प्रार्थनासभेत मला प्रार्थना करण्यास सांगण्यात आले. एकटा असताना माझी प्रार्थना दोन मिनिटांत आटोपते आणि त्यातही मध्येच उद्याची कामे आठवतात. त्या सभेत मात्र मी दहाबारा मिनिटे बोललो. आवाज नेमका हवा तेथे कापरा झाला, आणि मागच्या बाकावरून कोणी 'आमेन' म्हटले तेव्हा मी पुढचे वाक्य आपोआप लांबवले. ते लांबवलेले वाक्य मला अजून शब्दशः आठवते. प्रार्थना कोणाच्या आजारासाठी होती, हे मात्र आठवत नाही.

आमच्या मंडळीतील (चर्चमधील) एक तरुण म्हणतो की, मनाविना केलेल्या विधींचा देवाला वीट येतो, आणि त्यासाठी तो बायबलमधील यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायाकडे बोट दाखवतो. म्हणून विचारतो: मन पुन्हा जागे होईपर्यंत मी उपासना, उपवास आणि प्रभुभोजन बंद ठेवणे अधिक प्रामाणिक ठरेल काय? मला सांत्वनापेक्षा खरे उत्तर हवे आहे.

उत्तर १ (जुनी_वही)

सलाम. आपण एकाच प्रश्नात दोन निरनिराळे आजार सांगितले आहेत आणि एकाचे औषध दुसऱ्याला द्यायला निघाला आहात.

शुभवर्तमानात ज्या शब्दासाठी आपण 'ढोंगी' म्हणतो, तो मूळ ग्रीक शब्द 'हुपोक्रितेस' म्हणजे नट, रंगभूमीवर सोंग वठवणारा. नट असायला प्रेक्षक लागतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू दान, प्रार्थना आणि उपवास या तिन्ही गोष्टींबद्दल बोलतो, तेव्हा 'तुमच्या मनात भाव होता का' असे तो विचारत नाही. तुम्ही हे कोणी पाहावे म्हणून केले, हा त्याचा प्रश्न आहे. लोकांना दिसावे म्हणून करणाऱ्यांविषयी तो जे म्हणतो, त्यातील क्रियापद त्या काळच्या हिशेबाच्या पावत्यांवर आढळते: रक्कम मिळाली, बाकी काही नाही. आपल्याकडे पावतीवर 'भरून पावलो' लिहितात, तसेच ते आहे. मागच्या बाकावरचा 'आमेन' मिळाला, व्यवहार संपला.

तेव्हा ते लांबवलेले वाक्य ढोंग होते, हे आपण ओळखलेच आहे. परंतु घरातली दोन मिनिटांची कोरडी प्रार्थना ढोंग कशी ठरेल? तेथे पाहणारा कोणी नव्हता. कामे आठवत असतानाही आपण बसून राहिलात. माझ्या मते आपल्या सव्वीस वर्षांतील सर्वांत प्रामाणिक भाग तोच असावा, जरी तो आपल्याला सर्वांत निर्जीव वाटत असला तरी.

आणखी एक गोष्ट. त्याच अध्यायात 'तू दान करशील तेव्हा', 'तू उपास करशील तेव्हा' अशी भाषा आहे; 'केलेच तर' अशी नाही. तेविसाव्या अध्यायात पुदिना, शेपू आणि जिरे यांचा दशांश मोजून देणाऱ्यांना येशू कठोर शब्द ऐकवतो, कारण न्याय, दया आणि विश्वास त्यांनी सोडून दिले होते. पण शेवटी तो म्हणतो की हे करायला हवे होते आणि तेही सोडायचे नव्हते. जिऱ्याचा दशांश बंद करा, असे तेथे कोठेही नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक तर सांगतो की येशू स्वतः शब्बाथ दिवशी आपल्या परिपाठाप्रमाणे सभास्थानात गेला. परिपाठ हा शब्द आपल्याला एवढा का टोचतो, हे मला कळत नाही.

उत्तर २ (उंबरठा)

वरील उत्तर मला बरेचसे पटते, परंतु ते आपल्याला फार लवकर मोकळे सोडते असे वाटते. त्या तरुणाचा निष्कर्ष चुकला असला तरी त्याने दाखवलेला उतारा चुकीचा नाही.

यशयाचा तो अध्याय पुन्हा सावकाश वाचावा. देवाला सणांचा आणि यज्ञांचा कंटाळा आला आहे, पण कारण काय? उपासकांना भाव दाटून येत नाही, हे नव्हे. पसरलेले हात रक्ताने भरलेले आहेत, अनाथाला न्याय मिळत नाही, विधवेचा कैवार कोणी घेत नाही, हे कारण आहे. अठ्ठावन्नाव्या अध्यायात उपासाच्या दिवशीच मजुरांची पिळवणूक चालते, भांडणे आणि मारामाऱ्या होतात. आमोस संदेष्टाही गीतांचा गोंगाट दूर करा म्हणतो, आणि त्याच्या जागी न्याय पाण्याप्रमाणे वाहू द्या, असे मागतो. संदेष्ट्यांना खटकणारी दरी विधी आणि भावना यांच्यामधली नाही. ती विधी आणि शेजारी यांच्यामधली आहे. आपण मात्र गेल्या काही पिढ्यांत 'खरी भक्ती' म्हणजे छातीत काहीतरी उचंबळून येणे, अशी समजूत करून घेतली आणि दर रविवारी तेथेच चाचपत राहिलो.

(केवळ बाह्य नियम बदलल्याने काही होत नाही, याचा एक जुना नमुना सांगतो. 'दीदाखे' नावाच्या अतिप्राचीन ख्रिस्ती लेखात, ज्याची हस्तलिखित प्रत 1873 साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडली, अशी आज्ञा आहे की ढोंगी लोक सोमवारी आणि गुरुवारी उपास करतात, म्हणून तुम्ही बुधवारी आणि शुक्रवारी करा. वार बदलले की ढोंग गेले! बुधवार-शुक्रवारच्या उपासाची परंपरा पुढे आदराने पाळली गेली हेही खरे, पण ते वाक्य वाचून मला प्रत्येक वेळी हसू येते.)

म्हणून मी आपल्याला वेगळाच प्रश्न विचारतो. मत्तयातील पर्वतावरील प्रवचनात येशू म्हणतो की तू वेदीजवळ अर्पण घेऊन आलास आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे तुला आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट कर. येथे 'माझ्या मनात त्याच्याविरुद्ध' असे नसून 'त्याच्या मनात माझ्याविरुद्ध' असे आहे. असे कोणी आहे काय? येथे उत्तर देण्याचे बंधन अर्थातच नाही.

अर्धा_विश्वासी

आहे. माझा सख्खा धाकटा भाऊ.

वडिलांच्या आजारपणात कोणी किती केले, यावरून बोलणे झाले आणि मी त्याला एक वाक्य ऐकवले, जे खरे नव्हते हे मला तेव्हाच ठाऊक होते. त्याला तीन वर्षे झाली. आम्ही एकाच मंडळीत आहोत. उपासनेत एकमेकांना शांतीचे अभिवादन करण्याची वेळ येते, तेव्हा मी माझ्या रांगेतील सर्वांशी हात मिळवतो, मग पुढच्या रांगेत वळतो, आणि तो जवळ येत असेल तर गीतपुस्तकात पुढचे गीत शोधू लागतो. गीताचा क्रमांक समोर फलकावर लावलेला असतो. त्यानंतर थोड्या वेळाने आम्ही दोघेही प्रभुभोजन घेतो.

हे लिहीपर्यंत या गोष्टीचा माझ्या मूळ प्रश्नाशी संबंध आहे, असे मला वाटले नव्हते. मग आता तरी प्रभुभोजन थांबवणे योग्यच ना?

उत्तर ३ (तिसरा_बाक)

थांबवण्याच्या प्रश्नावर मंडळीच्या इतिहासात एकदा चांगलाच वाद झाला आहे. जॉन वेस्ली हा अठराव्या शतकातला इंग्रज धर्मगुरू होता, ऑक्सफर्डमध्ये तो आणि त्याचे सोबती नेमाने उपास, प्रार्थना आणि तुरुंगभेटी करीत, आणि तरीही आपल्याला खरा विश्वास नाही अशी खंत त्याला जाळत असे. 24 मे 1738 रोजी लंडनमधील एका सभेत बायबलमधील रोमकरांस पत्राला धर्मसुधारक लूथरने लिहिलेली प्रस्तावना वाचली जात असताना आपले अंतःकरण विलक्षण उबदार झाले, असे त्याने दैनंदिनीत नोंदवले. ही गोष्ट सर्वजण सांगतात.

पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. त्यानंतर दीडएक वर्षात लंडनमधील फेटर लेन येथील त्याच्याच संगतीत, म्हणजे प्रार्थनेसाठी जमणाऱ्या गटात, असे शिकवले जाऊ लागले की ज्याला पूर्ण विश्वास नाही त्याने उपासना, शास्त्रवाचन आणि प्रभुभोजन सोडून स्वस्थ राहावे, नाहीतर तो त्या कर्मांवरच विसंबून बसेल. म्हणजे आपण विचारलेला प्रश्न तेथे नियम झाला होता. वेस्लीने याला ठाम विरोध केला आणि जुलै 1740 मध्ये तो त्या संगतीतून बाहेर पडला. ही कृपेची साधने आहेत, कमाई नव्हे. ज्याला कमी आहे त्याने तेथेच वाट पाहावी, आणि प्रभुभोजन अशक्त विश्वासाच्या माणसासाठीही आहे, अशी त्याची भूमिका होती. आजाऱ्याला भूक लागेपर्यंत उपाशी ठेवणे मलाही कधी पटलेले नाही.

परंतु भावाची गोष्ट वेगळी आहे. करिंथ शहरातील मंडळीला प्रेषित पौल पत्रातून खडसावतो, तो त्यांचे लक्ष विचलित होते म्हणून नव्हे. एकाच भोजनात एक जण भुकेला राहत होता आणि दुसरा पिऊन धुंद होत होता म्हणून. 'स्वतःची परीक्षा करावी' हे वाक्य त्या प्रसंगातले आहे, आणि त्याच्या पुढचे शब्द 'मग खावे' असे आहेत. मत्तयातही अर्पण घरी परत नेण्यास सांगितलेले नाही. ते वेदीजवळच ठेवायचे आहे, कारण परत यायचे आहे. म्हणून थांबायचेच असेल तर एका रविवारपुरते, आणि तेही भावाच्या दाराशी जाण्यासाठी. एरव्ही थांबणे ही पळवाट होईल, आणि तीही फार धार्मिक दिसणारी.

जुनी_वही

माझ्या पहिल्या उत्तरात मी मोकळे फार लवकर सोडले, ही दुरुस्ती मान्य. एवढेच सुचवतो की भावाकडे जाल तेव्हा मंडळीतील कोणाला आधी सांगू नये.

अर्धा_विश्वासी

सर्वांचा आभारी आहे. काल रात्री मी भावाला पत्र लिहायला बसलो. पहिल्या परिच्छेदात पौलाचे एक वचन आले, दुसऱ्यात वडिलांची आठवण, आणि वाचून पाहिले तर ते त्या सभेतल्या प्रार्थनेसारखेच झाले होते. पत्र फाडले. त्या वेळी मी त्याला जे म्हणालो ते खोटे होते, एवढे एकच वाक्य समोरासमोर सांगायचे ठरवले आहे. येत्या रविवारच्या वाचनाची पाळी मी दुसऱ्याकडे दिली. शनिवारी संध्याकाळी तो घरी असतो.