कॅज्युअल्टी पोस्टिंगआधी मुलींची इमर्जन्सी औषधांची तयारी कशी करून घ्यावी?

नर्सिंग ट्यूटर, कोथरूड
बीएस्सीच्या थर्ड इयरची बॅच लवकरच कॅज्युअल्टीला जाणार आहे. डोस सगळ्यांना तोंडपाठ आहेत. पण काल लॅबमध्ये "ॲट्रोपिन १ मिग्रॅ" म्हटलं आणि हातात ०.६ मिग्रॅची अँप्युल (औषधाची काचेची छोटी कुपी) दिली, तर सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. नेमका सराव कशाचा घेऊ?

कॅज्युअल्टी सिस्टर, हडपसर
मॅडम, घोडं तिथंच अडतं. पाठांतर मिग्रॅचं असतं आणि सिरिंजवर मिली. ॲट्रोपिनच्या १ मिलीच्या (प्रत्येकीत ०.६ मिग्रॅ) दोन अँप्युल फोडायच्या आणि १.७ मिली ओढायचं, हे हाताला माहीत हवं. तक्ता नका देऊ, अँप्युल द्या. काचेच्या डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्युल फोडायला लावा. गडबडीत मान नीट तुटत नाही, बोट कापतं, औषध सांडतं. सरावाच्या सिरिंजवर ठळक 'सराव' लिहा आणि त्या सिरिंज वॉर्डात अजिबात नेऊ देऊ नका.

सगळ्यात जास्त वेळ ॲड्रेनलीनला द्या. अँप्युल तीच, १ मिलीत १ मिग्रॅ. अरेस्टमध्ये, म्हणजे हृदय बंद पडल्यावर, पूर्ण अँप्युल शिरेतून, लगेच २० मिली सलाईनचा फ्लश, हात वर उचलून धरायचा आणि दर ३ ते ५ मिनिटांनी पुन्हा. ॲनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे जीवघेण्या ॲलर्जीत, मोठ्या माणसाला अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. नाडी चालू असलेल्या पेशंटला ती अख्खी अँप्युल शिरेतून गेली तर जीवावर बेतू शकतं. म्हणून डॉक्टर नुसतं "ॲड्रेन द्या" म्हणाले, तर "किती, कुठून?" हे विचारायलाच हवं. औषध, डोस, रूट (कुठून द्यायचं) मोठ्यानं परत म्हणायचं, दिल्यावर "दिलं" म्हणून वेळ सांगायची.

थर्ड इयर स्टुडंट, धनकवडी
सिस्टर, त्या धावपळीत विचारलं की ओरडा बसतो. मग आम्ही गप्प राहतो.

कॅज्युअल्टी सिस्टर, हडपसर
बाळा, ओरडा बसला तरी विचार. आणि औषध कधीच एकटीनं द्यायचं नाही, शेजारी स्टाफ हवाच. मॅडम, सुरुवातीला मुलींना वेळ लिहायला उभं करा. कोणत्या औषधानंतर काय मागतात, हे तिथं उभं राहून पटकन कळतं.

आयसीयू स्टाफ, पिंपरी
पोटॅशियम क्लोराइडचंही सांगा. ते शिरेतून थेट कधीच पुश करायचं नाही. क्रॅश ट्रॉलीत (इमर्जन्सी औषधांच्या गाडीत) सापडलं तर लगेच इन्चार्जला दाखवायचं.

नर्सिंग ट्यूटर, कोथरूड
सोमवारी लॅबमध्ये अँप्युलच ठेवते. ऑर्डर मीच देईन, मुद्दाम अर्धवट. जी विचारणार नाही, तिला पुढं जाऊ देणार नाही.