मदत हवी आहे: केनियातल्या कोरड्या कुरणात अंजन गवत कसं रुजवायचं?

नमस्कार मंडळी, मी केनियात काजियादो भागात मासाई पशुपालकांसोबत काम करतो. नैरोबीच्या दक्षिणेचा हा कोरडा पट्टा, पाऊस मार्च-मे आणि मग ऑक्टोबर-डिसेंबर असा दोनदा, म्हणजे यायला हवा. २०२० च्या अखेरीपासून सलग ५ हंगाम कोरडे गेले आणि गुरं खंगून खंगून मेली. कळप सावरायला फार वेळ लागतो हो, कारण उपाशी गाय माजावरच येत नाही, दोन वेतांतलं अंतर वाढतं, आणि जी विते तिचं दूध वासराला ठेवायचं की घरच्या लेकरांना द्यायचं हे रोजचंच.

इथली तरुण पोरं म्हणतात साहिवालचा (आपल्याकडची दुधाळ गायीची जात) वळू आणा. साहिवाल इथे फाळणीच्या आधीच आलीये, नैवाशाला सरकारी पैदास केंद्र आहे, संकरित गाय अंगाने मोठी, दूध जास्त, भावही चांगला. पण मोठ्या अंगाला खायलाही जास्त लागतं ना. माझं मत, आधी चारा मग वळू.

पूर्वी गवत संपलं की कळप लांब न्यायचे. १९६८ च्या कायद्याने सामाईक ग्रुप रँच (गटाच्या मालकीची कुरणं) झाल्या, पुढे त्यांचे ज्याचे त्याचे तुकडे पडले, कुंपणं आली, वाटा बंद. एक जुनी पद्धत मात्र टिकून आहे, वस्तीजवळ थोडं रान राखतात, ओलोपोलोली म्हणतात, तिथे फक्त वासरं नि अशक्त जनावरं चरतात. त्यातच अंजन पेरायचंय (ते मूळचं आफ्रिकेतलंही आहेच). ताजं बी उगवत नाही हे खरं का? किती खोल पेरू? पहिल्या वर्षी चरायला सोडू का? आणि शेळ्या कशा रोखायच्या, काट्याचं कुंपण वाळवी खाते. माण-खटाव, सांगोल्याकडे कुणी पडीक रानात लावलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

प्रतिसाद: माणदेशी
दादा, बी काढल्यावर सहा महिने ते वर्षभर कोरड्या जागी ठेवा, मगच पेरा. केसाळ आणि हलकं असतं, वाऱ्याने उडतं, म्हणून ओलसर मातीत कालवून टाका, एक-दीड सेंटीमीटरच्या खाली नको. जमीन टणक असेल तर उताराला आडव्या सऱ्या पाडा, पाणी थांबेल तिथंच आधी उगवतं. पहिल्या वर्षी एकही जनावर नको, बी झडू द्या. पुढच्या वर्षापासून फुलोरा सुरू होताच कापून वाळवा, उशीर केला की नुसत्या काड्या राहतात.

प्रतिसाद: पशुवैद्य_नगर
वळूबद्दल सहमत. पण गोचिडांचं काय? चारा असूनही वासरं त्यानेच जातील.

मूळ लेखक
डॉक्टर, ईस्ट कोस्ट फिव्हरची (गोचिडांमुळे पसरणारा ताप) लस चालू आहे, जिवंत जंतू टोचतात आणि त्याच वेळी लांब असर करणारं ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक देतात. गोचीडनाशक फवारणी मात्र पैसे असतील तेव्हाच होते.
माणदेशी दादा, खूप आभार, सऱ्या ऑक्टोबरच्या पावसाआधी पाडून घेतो. कुंपणाचं राहिलं बघा. जिवंत कुंपणाला काय लावता तिकडे? वेडी बाभूळ सोडून सांगा, इकडे बारिंगोत तिने चांगली चांगली कुरणं गिळलीत.