भाजीत गोळी कालवू नका, खोलीत कोंडू नका

एका ताईंनी फौजेतून परतलेल्या, रोज दारू पिणाऱ्या आणि रात्री दचकून उठणाऱ्या नवऱ्याबद्दल लिहिलंय. दारू सोडवायला त्यांना दोन सल्ले मिळाले: चार दिवस खोलीत कोंडा, नाहीतर भाजीत गुपचूप गोळी कालवा. ताई, दोन्ही करू नका. रोज पिणाऱ्याची दारू अचानक थांबली की 6 ते 24 तासांत हात थरथरतात, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, साधारण 48 ते 96 तासांत भास आणि भ्रम. यात जीवही जातो. ते दिवस दवाखान्यातच काढा. ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड असेल तर पॉलिक्लिनिकमधून रेफर लिहून घ्या, नसेल तर जिल्हा रुग्णालय. ग्लुकोजची सलाईन लावण्याआधी थायमिन (जीवनसत्त्व बी-1) दिलं का, हे नक्की विचारा. आणि भाजीत कालवायला सांगतात ती दारू सोडवायची गोळी, डायसल्फिरम, नकळत पोटात असताना दारू प्यायली तर रक्तदाब कोसळू शकतो.

दारू सुटली तरी रात्रीचं दचकणं राहतं. पुष्कळदा पिणं झोपेसाठीच सुरू झालेलं असतं. म्हणून दोन्हींचे उपचार सोबतच चालवा. या दचकण्यावर देतात त्या सर्ट्रालिनसारख्या मानसिक आजारावरच्या गोळीचा गुण यायला 4 ते 6 आठवडे लागतात, घरचे नेमके दुसऱ्या आठवड्यात ती बंद करतात. झोपेत ओरडले तर अंगाला हात लावू नका. दिवा लावून पायथ्याकडून, लांबूनच नावानं हाक मारा. शेतात रानडुकरं हाकलायला फटाके फुटतात तेव्हा रात्रीच्या जागलीला त्यांच्याऐवजी दुसऱ्या कुणाला पाठवा. हात उगारला तर लेकरं घेऊन लगेच बाहेर पडा, जीव कितीही जडलेला असो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 रात्रीही लागतो.