आईचं जठर छातीत सरकलंय: टाइप ४ हर्निया, ऑपरेशन करावं का?

कोथरूडची लेक: आई ७१ वर्षांची. दोन वर्षं चार घासांतच छाती भरून यायची, पर्वती चढताना धाप लागायची. ॲसिडिटीच्या गोळ्या चालूच. हिमोग्लोबिन ८ वर आलं तेव्हा कुठे एक्स-रे काढला; हृदयामागे हवा-पाण्याची आडवी रेघ! सीटी स्कॅनमध्ये जठरासोबत मोठं आतडंही वर छातीत गेलेलं दिसलं, म्हणून टाइप ४. दुर्बिणीतून ऑपरेशन सुचवलंय. फार भीती वाटते. कुणाचा अनुभव?

सिंहगड रोड: माझ्या सासऱ्यांचं झालंय. जठर खाली ओढून घेतात, हर्नियाची पिशवी सोडवतात, छाती-पोटामधल्या पडद्यातलं भोक टाक्यांनी लहान करतात, मग जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळतात. सासरे पाचव्या दिवशी घरी आले. नंतर महिनाभर पेज, मुगाचं वरण. पोळीची घाई करू नका, घास अडकतो.

निवृत्त भूलतज्ज्ञ: असे बहुतेक हर्निया टाइप १ चे, म्हणजे जठराचा फक्त वरचा भाग सरकलेला; त्यात गोळ्यांवर भागतं. हा तसा नाही. रक्त बहुधा जठर पडद्यावर घासून झालेल्या जखमांतून जातंय. जठराला पीळ पडला तर जिवावर बेततं. छातीत कळ आणि उलटी न होता नुसते कोरडे उमासे आले, तर मध्यरात्रीही थेट इमर्जन्सीत न्या.

कोथरूडची लेक: आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "मग तारीख घे." उद्याच फोन करते.